डाव्या गालाचं पाणी

आमच्या खाणावळीचे आप्पा स्वयंपाक करताना तोंडाला फडकं बांधत. ओलं करून पिळलेलं, नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर. नाक मात्र उघडं. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, ह्या माणसाची दाढ दुखतेय. पण तसं नव्हतं. बोलताना तोंडातून तुषार उडतो, तो अन्नात पडतो आणि अन्न उष्टं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चुलीसमोर असेपर्यंत ते माणसाशी एक शब्द बोलत नसत. जे बोलायचं ते परसात, फडकं गळ्यात ओढून. न पेटणाऱ्या ओल्या लाकडांनासुद्धा ते परसातच शिव्या घालायचे, आणि तेही कानडीत. मी एकदा विचारलं, आप्पा, लाकडाला कानडी कशाला? तर म्हणाले, आणणारा गाडीवान कानडी, मग त्यांना मराठी कुठनं कळणार.

मी तिथं पोळ्या लाटायला होते. नवरा तापात गेला, बेळगुंदीला दिरांच्या संसारात पडून राहण्यापेक्षा हाताला काम बरं म्हणून बेळगावात आले, आणि आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मला ठेवून घेतलं. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. कोर्टाच्या कामाला आलेली माणसं, शाळेतले मास्तर, बायकामुलं गावाकडं ठेवून नोकरीला आलेले कारकून, अशी आमची पंगत. शाळेत मी गेले नाही कधी. अक्षरं शिकले ती मसाल्याच्या पुड्यांच्या कागदावरून, त्यामुळं माझ्या लिहिण्यात काही पुढं-मागं झालं तर सांभाळून घ्या.

आप्पा चव घेत नसत. कधीच नाही. देवाच्या आधी जीभ लावायची नाही, हे तर सगळेच पाळायचे. पण नैवेद्य झाल्यावरही ते घेत नसत. झाकण अर्धं उचलायचं, तळहातानं वाफ आपल्याकडं ओढायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग हात मिठाच्या कटोऱ्याकडं जायचा, नाहीतर गुळाकडं. परसात आले की मी म्हणायची, आप्पा, मिठाला वास कुठं असतो? ते म्हणायचे, "मिठाला न्हाय, पाण्याला असतोय. मीठ पडलं की पाणी जड हुतंय. नाकाला लागलं ते उष्टं न्हाय, ध्यानात ठेव." जन्म निपाणीकडच्या खेड्यातला, त्यामुळं सोवळं कितीही कडक असलं तरी बोलणं तिकडचंच. मी पुष्कळदा वाफेत नाक घातलं, मला काही ते जडपण सापडलं नाही. पण त्यांची आमटी कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

ह्यातलं एक मात्र आम्हा बायकांना बघवत नसे. पहाटे आंघोळ करून ओल्या धोतरानं चुलीशी बसले की शेवटची पंगत उठेपर्यंत ते पाण्याचा घोट घेत नसत. वैशाखातसुद्धा. चुलीपुढं माणूस भाजत असायचा, अंगाचं पाणी खाली ठिबकायचं, आणि जीभ कोरडी ठणठणीत. सगळे जेवून गेले की आत कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, एकटे जेवायचे. काकू रोज भांडायच्या. अहो, घोटभर घ्या, देव काही बाहेर काढणार नाही. आप्पा फडक्याआडून नुसते डोळे वटारायचे.

आणि तिथंच सगळं सुरू झालं, असं डॉक्टरांनी पुढं सांगितलं.

आधी नुसती सूज यायची. डाव्या कानाच्या पुढं, गालावर, लिंबाएवढी. चिंचेचा कोळ उकळायला लागला की यायची आणि जेवणं उरकली की ओसरायची. तुम्हा-आम्हाला वास आला की तोंडाला पाणी सुटतं. आप्पांना सुटलेलं गालातच अडकायचं. काकूंनी आंबेहळदीचा लेप घातला, रक्तचंदन उगाळलं. एका शेजाऱ्यानं जळवा लावायला सांगितल्या, त्याही लावल्या. सूज जायची, परत यायची. मग जाईनाशीच झाली. गाल कायम दगडासारखा, आणि मधूनमधून थंडी वाजून ताप.

कॅम्पाकडं एक डॉक्टर होते, लढाईवर जाऊन आलेले, बारक्या अंगाचे, मराठी-कानडी दोन्ही बोलायचे. त्यांनी तोंड उघडायला लावलं, बाहेरून गाल दाबला, तर आत वरच्या दाढेसमोर, गालाच्या एका बारीक भोकातून पू आला. ते म्हणाले, लाळेची गाठ आहे ही. ती वाहती राहायला हवी. तुम्ही दिवसभर वास घेता, घामानं सुकता आणि पाणी पीत नाही. आतली लाळ दाट होऊन सडते. दर घटकेला पाणी प्या, लिंबाची फोड चोखा, रोज गाल चोळून आतला पू बाहेर काढा. एवढं करूनही नाही थांबलं तर कापायचं बघू, पण ती जागा वाईट आहे, घाई नको.

दर घटकेला पाणी. चुलीशी. सोवळ्यात. आप्पांनी मान डोलावली आणि त्यातलं काहीही केलं नाही. लिंबाची फोड तेवढी चोखली, तीही जेवणं उरकल्यावर, परसात.

पुढं आप्पा निपाणीला एका लग्नाच्या स्वयंपाकाला गेले होते. तिथं गाल असा फुगला की तोंड उघडेना, ताप चढला. उद्या सीमांतपूजन, आचारी पडला तर काय करायचं म्हणून घरच्यांनी गावातला एक वैदू आणला. त्यानं वस्तरा तापवला आणि गालावर आडवी चीर दिली. पू भळाभळा गेला, ताप उतरला, आप्पांनी लग्न पार पाडलं. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर पट्टी आणि डोळ्यांत मोठा आनंद. म्हणाले, "डाक्टर घाई नको म्हणत हुता. बघा, एका घावात मोकळा झालो."

जखम भरली. तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक मात्र राहिलं. त्यातून मधूनमधून थेंब यायचा. स्वच्छ, पाण्यासारखा. आप्पा पंच्याच्या टोकानं टिपायचे. चुलीशी बसणाऱ्याला घाम येणारच, असं आम्हालाही वाटलं. फडकं तोंडावर, आणि भोक फडक्याच्या वर. कित्येक महिने असेच गेले.

कोर्टातले एक वकील आप्पांचे फार जुने गिऱ्हाईक. लग्न होण्याआधीपासून जेवायला यायचे, आणि आता स्वतःचं घर झालं तरी घरातलं कार्य आप्पांशिवाय करत नसत. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मीही होते आत, वड्यांचं पीठ भिजवत. पानं वाढून झाली, आप्पा आमटी घेऊन पंगतीत गेले. सगळ्यात म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या पानावर वाकले आणि गालावरून एक थेंब सुटला तो सरळ भाताच्या मुदीवर. म्हाताऱ्याला दिसलं नाही. वकिलांना दिसलं. ते काही ओरडले नाहीत. हळूच उठून आप्पांना मागच्या दारी घेऊन आले. म्हणाले, "आप्पा, गाल पुसा."

आप्पांनी पुसला. घाम हाय, म्हणाले.

वकील त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. एवढ्यात आत कुणीतरी आमटीचं झाकण काढलं, वास मागच्या दारापर्यंत आला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या भोकात नवीन थेंब जमला, मोठा झाला, ओघळला. वकील म्हणाले, "घाम असा एकाच भोकातून येत नाही, आप्पा." मग पानं उचलली. घरातल्या बायकांनी पुन्हा आंघोळी करून पुन्हा स्वयंपाक केला. पितरांची वेळ टळून गेली होती.

मग डॉक्टरांनी आप्पांच्या जिभेवर लिंबाची फोड ठेवली आणि कापसाचा बोळा गालाखाली धरला. बोळा भिजला. वैदूनं आडवं कापताना लाळेची नळीच कापली, तिचं तोंड आता बाहेर उघडतं. थुंकी आहे ही, म्हणाले. आप्पांनी एकच विचारलं. पहिल्यापासनं? डॉक्टर म्हणाले, जखम भरल्यापासून.

त्या दिवसापासून ह्या माणसाची झोप गेली. उपवासाचे दिवस, सत्यनारायण, मुंजी, श्राद्धं, जिथं जिथं त्यांचा हात लागला होता ते सगळं एकेक करून आठवायचे आणि काकूंना ऐकवायचे. पंगतीत कमी होत गेली माणसं. बाजारात एका टवाळानं त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय आप्पा, आता आमटीला विहिरीचं पाणी लागत नाही म्हणे. आप्पांनी घरी येऊन पितळी ताटलीवर तांदळाचं पीठ चाळलं, ताटली हनुवटीखाली धरली, आणि मला म्हणाले, आक्का, चिंच घाल उकळायला. मी घातली. पिठात थेंब पडत गेले, एकेका थेंबाचा खळगा. ते बघत राहिले. हे त्यांनी रोज चालवलं. चुलीशी मी आणि काकू. आप्पा उंबऱ्याबाहेर, ताटली धरून. जणू एखाद दिवशी ते आपोआप थांबणार होतं.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो. एक म्हणजे, त्या भोकातून आत तोंडात रेशमाचा दोरा ओवायचा आणि तो बरेच दिवस ठेवायचा. दोऱ्याच्या कडेनं लाळेला आतली वाट पडते, मग बाहेरचं भोक बुजवायचं. जमतं, पण प्रत्येकाला जमतंच असं नाही. दुसरा म्हणजे गाठच काढून टाकायची. गाठ गेली की त्या भोकातून लाळ नाही. पण कानाखालून एक शीर निघते, ती ह्या गाठीच्या पोटातून जाते आणि हाताच्या बोटांसारखी चेहऱ्यावर पसरते. डोळा मिटायचा, गाल फुगवायचा, सगळं तिच्यावर. चांगली गाठ असती तर शीर सोडवून घेता आली असती. ही इतकी वर्षं सुजलेली, सगळं एकमेकांना चिकटलेलं. डॉक्टर म्हणाले, माझ्या हातून शीर तुटेल. मी तुम्हाला दोऱ्याचं सांगतो.

आप्पा म्हणाले, "दोऱ्यानं शंभर टक्के बंद हुतंय का?"

"तसं कुणीच सांगणार नाही."

"मग मूळच काढा."

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, चेहरा वाकडा होईल, डोळा उघडा राहील. आप्पा हसले. मला काय आता बोहल्यावर उभं राहायचंय, म्हणाले. तेव्हा काकू, ज्या परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडत नसत, पदर ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "ओठ मिटंल का पण?" डॉक्टर त्यांच्याकडं वळले. म्हणाले, त्या बाजूचा नीट मिटणार नाही. काकू पुढं काही विचारणार होत्या. आप्पांनी हात केला. "गप गं. डाक्टरला माहीत हाय काय करायचं ते."

मला आजही वाटतं, खोलीत त्या घटकेला एकट्या काकूंनाच सगळं दिसलं होतं. आप्पांना फक्त गालाचं ते भोक दिसत होतं.

काकूंना दवाखान्यात थांबणं झेपलं नाही, दाराबाहेर मी बसले. नाकावर जाळी ठेवून क्लोरोफॉर्म टाकायला लागले तेव्हा आप्पांचा आवाज आला, शेवटचा तो सरळ तोंडाचा आवाज. म्हणत होते, ह्याला गोड वास हाय, फणस लई पिकला की येतो तसा. मग गप्प झाले. किती वेळ गेला सांगता येत नाही. डॉक्टर बाहेर आले ते हात न धुताच, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, सगळी काढली. शीर वेगळी दिसलीच नाही हो कुठं.

पट्ट्या निघाल्यावर काकूंनी बघितलं आणि आत निघून गेल्या. डावी बाजू सगळी उतरलेली. भिजलेलं धोतर दोरीवर टाकावं तसा गाल. डोळा उघडा, झोपेतही. बोलताना शब्द उजव्या कोपऱ्यातून घसटत यायचे. पण गाल कोरडा होता. डॉक्टरांनी लिंबाची फोड ठेवून बघितलं, आम्हालाही दाखवलं. भोक बुजलं होतं, एक थेंब नाही. आप्पांनी स्वतःचं बोट त्या जागेवरून कितीदा फिरवलं. उजव्या डोळ्यातून त्यांच्या पाणी आलं. डाव्यातून तर सतत येतच होतं.

घरी आले त्या आठवड्यातच वकील आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. आप्पांच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग नीट बसून म्हणाले, श्राद्धाच्या दिवशी पानं उचलली ती मीच, तेव्हा आता मीच बोलावणं करायला आलोय. डॉक्टरांना विचारून आलोय, गाल कोरडा आहे. लग्नाचा स्वयंपाक तुम्हीच करायचा, म्हणजे गावाचंही तोंड बंद होईल.

एवढ्या दिवसांत आम्हाला असं काही ऐकायला मिळालं नव्हतं. काकूंनी गूळपाणी आणलं. आप्पा उठले. आंघोळ केली, धोतर नेसले, परसातनंच मला म्हणाले, डाळ शिजलेली हाय न्हवं, दे, आणि किती महिन्यांनी चुलीशी जाऊन बसले. खुणेनं मला वकिलांसाठी उंबऱ्याशी पाट टाकायला लावला. फोडणी दिली, चिंचेचा कोळ घातला, गूळ घातला. फडकं बांधलं नाही. मग ताटलीवर पीठ चाळून घेतलं, ती हनुवटीखाली धरली, आणि आमटीवर वाकून तळहातानं वाफ ओढली.

गाल कोरडाच राहिला. वकील समाधानानं मान हलवत होते. मला मात्र बाजूनं दिसत होतं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं ओठ लोंबला होता तिथं, पाणी जमायला लागलं. आप्पांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. उजवीकडचा मिटला. पिठात पहिला थेंब पडला. त्याच्या बाजूला डोळ्याचा पडला, धुरानं. मग ओठाचा परत. ते डाव्या हातानं ओठ वर धरून बसले, पण उजवा वाफ ओढायला, मग ताटली धरायला हात उरला नाही.

त्यांनी ताटली वकिलांसमोर नेऊन ठेवली.

वकील खरंच सज्जन माणूस. खळग्यांकडं बघून म्हणाले, "फडकं बांधा की आप्पा. पूर्वीही बांधायचाच."

"फडकं भिजतंय. भिजलं की गळतंय."

"तास-तासानं बदला. कुणाला कळणार आहे?"

आप्पा वाकड्या तोंडानं, सावकाश, शब्द शब्द जुळवत म्हणाले, "तुमाला कळलं हुतं की."

वकिलांनी गूळपाणी घेतलं, काकूंना नमस्कार केला आणि गेले. लग्नाला हुबळीकडचा आचारी आणला, असं ऐकलं. ती आमटी आप्पांनी कुणाला वाढू दिली नाही. स्वतः परसात नेऊन ओतली, आणि पातेलं घासून पालथं घातलं.

खाणावळ मग आम्ही दोघींनी चालवली. आप्पा थोडे दिवस बाहेर ओट्यावर बसायचे, पण वास तिथंही यायचा आणि तोंड पुसता पुसता पंचा ओला व्हायचा. जेवायला आलेली माणसं बघून न बघितल्यासारखं करायची. एक दिवस न सांगता निपाणीला निघून गेले, काकूंच्या माहेरी. काकूंच्या भावानं तंबाखूच्या वखारीत पहाऱ्याला लावून दिलं. उघड्या डोळ्याला धूर आणि धूळ लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्यात फूल पडलं ते पहिल्या वर्षातच.

मी गेले होते एकदा. काकू भावाकडं आजारी होत्या, त्यांना बघायला. वखारीच्या दारात घोंगडीवर बसले होते. डाव्या डोळ्यावर चिंधी, अंगावर, भुवयांवर, सगळीकडं तंबाखूची भुकटी. आत बायका पानं निवडत होत्या, त्यांची शिंकाशिंक चालली होती. मला तिथं उभं राहवेना, घशात खवखव सुटली. मी म्हटलं, आप्पा, तुमच्या नाकाचं काय होत असेल इथं? ते म्हणाले, काय न्हाय, मेलं ते. बरं झालं.

मग जरा सरकून मला घोंगडीवर जागा केली आणि विचारलं, परवा एकादशीचं पारणं झालं असंल, काय केलतं?

मी सांगायला लागले. बेळगुंदीचा तांदूळ आला होता नवीन, त्याचा भात. भरली वांगी. पुरणाचा घाट घातला होता, त्यामुळं कटाची आमटी. लवंग-दालचिनी भाजून घेतली, खोबरं जरा जास्तच लाल केलं, तुम्ही करायचा तसं. त्यांचा उजवा डोळा मिटला. डावा चिंधीखाली उघडाच असणार. वास तिथं कसलाच नव्हता, तंबाखूशिवाय. तरी ओठाच्या कोपऱ्यात पाणी जमलं, लोंबलं, आणि खाली भुकटीत पडलं. मी थांबले.

त्यांनी पुसलं नाही. खाली बघितलंही नाही.

"मग?" म्हणाले. "चिंच कधी घातलीस?"